चार्जर राहू दे, आधी एसीचा गॅस बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. स्ट्रॉ सोडली, पर्समध्ये कापडी पिशवी असते, ऑफिसला निघताना चार्जर आठवणीने सॉकेटमधून काढतेस, आणि तरी रात्री मनात येतं की याने काही फरक पडतोय का. खरं सांगू? तापमानवाढीला फारसा नाही. पिशवीमुळे नाले थोडे कमी तुंबतात, म्हणून ती सोडू नकोस. पण पृथ्वी ज्यामुळे तापतेय ते तुझ्या घरात दुसरीकडेच आहे आणि तिकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. मी आयुष्यभर कारखान्यांची एनर्जी ऑडिट, म्हणजे वीज आणि इंधन कुठे किती जातं याची तपासणी, केली. कुठलीही गोष्ट किलोत आणि युनिटमध्ये मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्यामुळे पत्रात आकडे जरा जास्त येतील. सांभाळून घे.

आधी कारण. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भागांच्या आसपास होता. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर रोज मोजायला सुरुवात केली तेव्हा तो ३१५ च्या घरात होता. आज तो ४२० च्या पुढे आहे. हा वायू सूर्यप्रकाश आत येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीतून परत निघालेली उष्णता अडवतो. ही काही काल कळलेली गोष्ट नाही. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्येच काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले होते आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापलेली पाहिली होती. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी कागद-पेन्सिल घेऊन त्याचं गणितही मांडलं. २०२४ हे वर्ष आजवरच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण ठरलं, १८५०-१९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त.

तुझे मामा फॅमिली ग्रुपवर टाकतात ना, "हे निसर्गाचंच चक्र आहे", त्यांना एक गोष्ट सांग. कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन साधारण ५,७३० वर्षांत निम्मा होतो. झाडापानांत तो असतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून असल्याने त्यांत तो औषधालाही उरत नाही. हान्स सुएस यांनी १९५० च्या दशकात झाडांच्या खोडातली वर्तुळं तपासली तेव्हा अलीकडच्या वर्तुळांत कार्बन-१४ चं प्रमाण घटलेलं दिसलं. हवेत जमिनीखालचा जुना कार्बन मिसळत होता, तो असा सापडला. मामा लगेच ज्वालामुखीवर येतील. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही.

आता तुझ्या घराकडे वळू. आपल्या देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावर होते. महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी ही नावं तू ऐकली असशील. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. सौर, पवन, पाणी सगळं धरूनही तुझ्या मीटरवर एक युनिट फिरलं की कुठल्या तरी धुराड्यातून साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेट्रोलच्या एका लिटरमागे २.३ किलो. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोसुद्धा नाही, मग धूर तिप्पट कसा? जळताना १२ भार कार्बनला हवेतला ३२ भार ऑक्सिजन येऊन चिकटतो. वजनाचा मोठा वाटा हवेतूनच येतो.

या मापाने तुझा चार्जर मोजू. फोन न लावता नुसता सॉकेटमध्ये राहिलेला चांगला चार्जर वर्षभरात दोनेक युनिट खातो. गीझरमधून एक बादली गरम पाणी घेतलंस की अर्धं युनिट गेलं. म्हणजे वर्षभर चार्जर काढून जे कमावलंस ते चार आंघोळींत संपलं. टीव्हीशेजारचा सेट-टॉप बॉक्स मात्र दहा-बारा वॅट घेत चोवीस तास जागा असतो, त्याचे वर्षाला नव्वद-शंभर युनिट होतात. बटण बंद करायचंच असेल तर त्याचं कर.

पंख्यांचंही तसंच. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तीसेक वॅट. दिवसाला पंधरा तास फिरला तर एका पंख्यामागे वर्षाला जवळपास अडीचशे युनिट वाचतात. भाड्याच्या घरात कशाला खर्च करू, असं म्हणू नकोस. घर सोडताना आपला पंखा उतरवून जुना परत लावून द्यायला वीस मिनिटं लागतात.

आणि आता एसी. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं असल्याने तू दर वर्षी घर बदलतेस आणि एसी सोबत नेतेस, असं लिहिलं आहेस. ते वाचून मला धस्स झालं. वीज खातो म्हणून एसी बदनाम आहे आणि ते खरंच आहे. दीड टनाचा एसी तासाला एक-सव्वा युनिट घेतो. उन्हाळ्याचे तीन महिने रोज आठ तास चालवलास तर पाच-सहाशे किलो कार्बन डायऑक्साइड झाला. तापमान एक अंशाने वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, म्हणून २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी सुरू होताना २४ वर सुरू होतात. तेवढं तर करच, आणि सोबत पंखा लाव. पण मला काळजी आहे ती आतल्या गॅसची.

आउटडोअर युनिटच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. आर-४१०ए असेल तर तो एक किलो हवेत सोडणं म्हणजे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे. एसी काढणारा मुलगा घाईत असला की पाइपचा नट ढिला करतो, फुस्स आवाज येतो, काम झालं. त्या एका फुस्समध्ये तुझ्या तीन उन्हाळ्यांच्या विजेएवढा धूर निघून जातो. नवे एसी आर-३२ वर असतात, त्याचा परिणाम जवळपास एक तृतीयांश, तरीही किलोमागे पावणेसातशे किलो होतोच.

त्यावर उपाय सोपा आहे आणि प्रत्येक मेकॅनिकला तो येतो. त्याला पंप डाऊन म्हणतात. एसी कूलिंगवर चालू ठेवून आउटडोअरच्या बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा. कॉम्प्रेसर पाइपातला आणि इनडोअरमधला गॅस ओढून आउटडोअरमध्ये भरतो. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि लगेच एसी बंद. मग नट खोल. चार-पाच मिनिटांचं काम आहे. "मॅडम, नवीन गॅस भरून देतो ना" असं कुणी म्हणालं तर सरळ सांग, आधी पंप डाऊन, मगच पैसे. तुझे गॅसचेही पैसे वाचतील.

दुसरं, "दर उन्हाळ्यात गॅस टॉप-अप करावा लागतो" हे ऐकून घेऊ नकोस. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला असेल तर गळतीच आहे. बहुतेक वेळा ती नटाच्या सांध्यावर असते, तिथे तेलकट डाग दिसतो. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. सांधा दुरुस्त न करता गॅस भरणं म्हणजे तो हवेत सोडण्याचा हप्ता बांधून घेणं.

शाळेत ओझोनचं भोक आणि तापमानवाढ एकाच धड्यात शिकवल्याने बऱ्याच जणांच्या डोक्यात ती एकच झाली आहेत. प्रश्न वेगळे आहेत, पण या गॅसमध्ये त्यांची गाठ पडते. आर-२२ सारखे जुने वायू ओझोन खायचे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने हटवले गेले. त्यांच्या जागी आलेल्या वायूंनी ओझोन सोडला आणि उष्णता धरली. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला त्याच करारात दुरुस्ती झाली आणि २०२१ मध्ये भारताने तिला मंजुरी दिली. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात, पण निदान दुसरा खड्डा वेळेत मान्य केला.

प्रवासाचं थोडक्यात. रोज वीस किलोमीटर स्कूटरने गेलीस तर किलोभर कार्बन डायऑक्साइड, तेच एकटीने कारने गेलीस तर तीन किलो. मेट्रो आणि पीएमपी बसचा मार्ग जुळत असेल तर तोच धर, जुळत नसेल तर स्कूटरचं वाईट वाटून घेऊ नकोस. पुढची स्कूटर मात्र बॅटरीची घे. आपल्या कोळशाच्या विजेवरही तिचा धूर पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास राहतो.

अन्नाचंही बघ. डब्यातली उरलेली भाजी कचऱ्यात गेली आणि डंपिंग ग्राउंडच्या ढिगाखाली हवेविना कुजली की मिथेन होतो. वीस वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट उष्णता धरतो. मुंबईत देवनारच्या कचऱ्याला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग आठवत असेल, तिचा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता. अशा आगींना हाच मिथेन खाद्य पुरवतो. ओला कचरा सोसायटीतच जिरवता आला तर उत्तम. मटण सोडू का, असं विचारलं आहेस. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन येतो हे खरं, पण दुधाच्या चहालाही तोच नियम लागतो. घरात वाद घालण्याआधी टाकून दिलेलं अन्न शून्यावर आण. झाडं लावायला माझी हरकत नाही. लावून फोटो काढून विसरायला आहे.

"आपला दोष किती, पाप तर अमेरिकेचं", हे तुझं वाक्य अर्धं बरोबर आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत चौदाच्या आसपास. पण दोन टनांच्या सरासरीत मेळघाटातली चूल आणि बाणेरमधला तीन एसींचा फ्लॅट एकत्र मोजलेले असतात. तू आणि मी त्यातल्या कुठल्या बाजूला आहोत हे आपल्याला माहीत आहे.

एकटीच्या हातात नसलेल्या गोष्टीही आहेतच. वीजकेंद्रात काय जळणार हे तू ठरवत नाहीस. तरी वीज नियामक आयोग दरवाढीच्या वेळी लोकांच्या हरकती-सूचना मागवतो, त्या कुणीही पाठवू शकतं आणि फार थोडे लोक पाठवतात. आणि गावी आईबाबांच्या घराची गच्ची रिकामी आहे. गच्चीवरच्या सौर पॅनलसाठी फेब्रुवारी २०२४ पासून असलेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. तेवढ्या पॅनलमधून वर्षाला चार हजारांच्या आसपास युनिट निघतात, म्हणजे अडीच-तीन टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. स्ट्रॉ, चार्जर आणि पंखे सगळे मिळूनही याच्या जवळपास जात नाहीत. बाबांना शंका असतील तर माझा नंबर दे.

मे आणि डिसेंबर अशी दोन महिन्यांची वीजबिलं पाठव, म्हणजे गीझर किती खातो आणि एसी किती ते वेगळं काढता येईल. आउटडोअरच्या स्टिकरचा फोटोही पाठव, अक्षरं वाचता येतील असा. आणि ॲग्रीमेंट कधी संपतंय ते कळव, एसी काढायला येणाऱ्या माणसाशी मीच फोनवर बोलतो.

तुझा,
काका