घरातली सर्वांत विचित्र वस्तू

प्रश्न : माझे वय ३८ आहे, मी नोकरी करतो. घरी पत्नी आणि ७ वर्षांची मुलगी असून मिळवता मी एकटाच आहे. गेली ९ वर्षे इंटरनेटवर भटकताना सापडलेल्या अनोख्या वस्तू मी जमवतो आहे : दांडा फिरवला की हलणारी लाकडी यंत्रचित्रे, गुप्त कप्प्यांच्या पेट्या, निक्सी नळ्यांची (काचेच्या नळीत आकडे उजळून दाखवणारी) घड्याळे आणि दुकानात कुठेच न दिसणारी उपकरणे. सध्या एका कारागिराने हाताने घडवलेला लाकडी पक्षी मला १२ बिनव्याजी हप्त्यांत मिळतो आहे. माझा संग्रह ही मुलीच्या उच्च शिक्षणाची तरतूद असल्यामुळे मी या खरेदीकडे गुंतवणूक म्हणून पाहतो. बाकी काळजी नाही. विमा आहे आणि क्रेडिट कार्डाचे बिल मी कधीच चुकवत नाही. पक्षी घ्यावा का?

(पत्रलेखकाची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांचे मासिक उत्पन्न १०० एकके धरले असून बाकी सर्व रकमा त्याच प्रमाणात दिल्या आहेत.)

उत्तर : पक्षी आता घेऊ नका. त्याची किंमत १५० एकके, म्हणजे तुमचे दीड महिन्याचे उत्पन्न. एकरकमी पैसे दिल्यास विक्रेता ८ टक्के सूट देतो, म्हणजे तोच पक्षी १३८ ला पडतो. हप्त्यांवर घेतल्यास ही सूट तर जातेच, शिवाय ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून ३ एकके आगाऊ द्यावी लागतात. म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या या व्यवहारात तुम्ही १५ एकके जास्त देता. दरमहा फिटत जाणारे हे कर्ज वर्षभरात सरासरी ७५ एककांच्या आसपास राहते, तेव्हा व्याजाचा दर सुमारे २० टक्के झाला. हप्ता आहे साडेबारा एककांचा आणि महिनाअखेरीस तुमच्या हातात उरतात ५. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे संपले. पत्रासोबत तुम्ही जे कागद पाठवले आहेत ते वाचल्यावर मात्र ‘बाकी काळजी नाही’ हे वाक्य मला सोडून देता येत नाही.

आधी कार्ड घेऊ. बिल तुम्ही चुकवत नाही हे खरे आहे, कारण दरमहा नेमक्या तारखेला तुम्ही ‘किमान देय रक्कम’ भरता. या शब्दप्रयोगाने जितकी सज्जन माणसे कर्जात ठेवली आहेत तितकी दुसऱ्या कशानेही ठेवली नसतील. किमान रक्कम भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही. तुमची थकबाकी २०० एकके आहे आणि तिच्यावर महिन्याला ३ टक्के व्याज लागते, म्हणजे ६ एकके. तुम्ही १० भरता, त्यातली ४ मुद्दलात जातात, आणि त्याच महिन्यात सरासरी ८ एककांच्या नव्या वस्तू त्याच कार्डावर येतात. जुनी थकबाकी उभी असताना नव्या खरेदीला सहसा बिनव्याजी मुदत मिळत नाही, ही गोष्ट बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली असते. थोडक्यात, दरमहा १० एकके इमानेइतबारे भरूनही तुमचे कर्ज निदान ४ एककांनी वाढते. महिन्याचे ३ टक्के चक्रवाढीने वर्षाला ४० टक्क्यांच्या वर जातात. नुसते व्याज वर्षाला ७२ एकके होते, तेव्हा दर दोन वर्षांनी असा एक लाकडी पक्षी तुम्ही कार्ड कंपनीला भेट देत आहात असे समजा.

आता विमा. तुमच्या घरातली सर्वांत विचित्र वस्तू तुम्ही फडताळात मांडलेली नाही, ती कागदपत्रांच्या फायलीत आहे. तीन वर्षांपूर्वी मेहुण्यांच्या एका स्नेह्याने तुम्हाला विमा आणि बचत एकत्र देणारी २० वर्षांची योजना विकली. तिचा हप्ता महिन्याला १५ एकके, म्हणजे वर्षाला १८० आहे. पत्रात एके ठिकाणी तुम्ही दिवा, गजराचे घड्याळ आणि फोनचा चार्जर एकत्र असलेल्या उपकरणाची तक्रार केली आहे : उजेड अपुरा, गजर अस्पष्ट आणि चार्जिंग रात्रभर. ते उपकरण तुम्ही महिनाभरात ओळखलेत. ही योजनाही त्याच घडणीची आहे, हे तीन वर्षांत ओळखले नाहीत. जपानच्या केन्जी कावाकामी यांनी १९८० च्या दशकात ‘चिंदोगू’ हा शब्द रूढ केला. एक अडचण सोडवताना दुसरी निर्माण करणाऱ्या, तरीही कल्पक अशा निरुपयोगी वस्तूंसाठी तो वापरतात, आणि त्यांच्या नियमांतला एक नियम असा आहे की चिंदोगू विकायची नसते. विमा विकणाऱ्यांना हा नियम लागू नसावा.

या योजनेतले विमा संरक्षण वार्षिक हप्त्याच्या १० पट, म्हणजे १,८०० एकके आहे. तुमचा घरखर्च महिन्याला ७०, वर्षाला ८४०. उद्या तुम्हाला काही झाले तर ही रक्कम पत्नी आणि मुलीला दोन वर्षे आणि वर दीड-दोन महिने पुरेल. तेव्हा मुलगी ९ वर्षांची असेल. तुम्हाला गरज निदान १२,००० एककांच्या, म्हणजे १० वर्षांच्या उत्पन्नाइतक्या संरक्षणाची आहे, आणि ते निव्वळ मुदत विम्यातून, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्यातून घेतल्यास तुमच्या वयाच्या निरोगी, निर्व्यसनी माणसाला महिन्याला साधारण २ ते ३ एककांत मिळायला हरकत नाही. तुम्ही १५ देऊन सहाव्या हिश्श्याहूनही कमी संरक्षण घेतले आहे. मुदत विम्यात ‘पैसे परत मिळत नाहीत’ असे त्या स्नेह्यांनी सांगितले असेलच. ते खरे आहे. घराला आग लागली नाही म्हणून अग्निविम्याचे पैसेही कोणी परत मागत नाही.

बचतीचे काय? २० वर्षांत ३,६०० एकके भरायची आणि शेवटी ‘सुमारे ६,३००’ मिळायची, त्यातही मोठा भाग जाहीर होईल त्या बोनसचा, ज्याची हमी नाही. माहितीपत्रकावर हा आकडा ‘जवळजवळ दुप्पट’ म्हणून छापलेला आहे आणि त्याखाली तुम्ही पेनाने रेघ मारली आहे. तो दुप्पट नाही, पावणेदोनपट आहे, आणि पैसा सरासरी १० वर्षांहून थोडा अधिक काळ अडकून राहतो हे लक्षात घेतले तर वार्षिक परतावा ५ टक्क्यांच्या आसपास येतो. एकीकडे ५ टक्के मिळवण्यासाठी दरमहा १५ एकके बाजूला काढायची आणि दुसरीकडे ४० टक्क्यांनी कर्ज वाढवत न्यायचे, हा हिशेब तुमच्यासारख्या माणसाने, जो १० एककांची पेटी घेण्याआधी विक्रेत्याचे तीनशे अभिप्राय वाचतो, एकदाही कागदावर मांडला नाही याचे मला खरोखर आश्चर्य वाटले.

आतापर्यंत तुम्ही ५४० एकके भरली आहेत, आणि आज योजना सोडल्यास १९० मिळतील असे कंपनीने तुम्हाला लेखी कळवले आहे. ३५० चे नुकसान होते म्हणून तुम्ही थांबलात. ते नुकसान होऊन गेले आहे. पुढे चालू ठेवल्याने ते भरून निघत नाही. निर्णय आजच्या १९० चे काय करायचे एवढाच आहे, आणि त्याला तीन वाटा आहेत. योजना तशीच चालू ठेवली तर इथून पुढचा परतावा कागदावर सात टक्क्यांच्या घरात दिसतो, तोही बोनस ठरल्याप्रमाणे मिळाला तर. हप्ते थांबवून योजना ‘पेड-अप’ केली, म्हणजे आजवर भरलेल्या पैशांवरच मुदत संपेपर्यंत ठेवली, तर १७ वर्षांनी सुमारे ५४० एकके मिळतील, म्हणजे १९० वर साधारण ६ टक्के. तुमच्यावर कर्ज नसते तर मी हीच वाट सुचवली असती. पण कर्ज आहे, आणि ते नेमके २०० चे आहे. योजना सोडून आलेल्या १९० मध्ये बँकेतल्या शिलकीतले १० घातले की कार्ड कोरे होते. चाळिसाहून अधिक टक्क्यांचे कर्ज फेडण्याइतका खात्रीचा परतावा कोणतीही योजना देणार नाही.

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी मुदत विम्याचा अर्ज करा, त्यात प्रकृतीची आणि सवयींची माहिती काहीही न लपवता द्या, नवी पॉलिसी हातात पडून लागू झाल्याची खात्री करा आणि त्यानंतरच जुनी सोडा. मधल्या काळात संरक्षण अजिबात नसण्यापेक्षा अपुरे असलेले बरे. जुन्या हप्त्यांवर करसवलत घेतली असेल तर ती परत द्यावी लागते का, हे कर सल्लागाराला विचारून घ्या. ते स्नेही बहुधा घरी येतील आणि आणखी दोन वर्षे थांबायला सांगतील. चहा द्या, सही देऊ नका.

कार्ड फिटले की त्याचे १०, योजनेचे १५ आणि आधीपासून उरणारे ५ मिळून दरमहा ३० मोकळे होतात. त्यातले ३ मुदत विम्याला जातील. बँकेत आज ६० एकके आहेत, कार्डाला १० गेल्यावर ५० राहतील, आणि तेवढ्यात तुमचे घर एक महिनाही चालत नाही. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी, म्हणजे ४२० एकके साठेपर्यंत दरमहा २२ बाजूला टाका. दीड वर्षाच्या आत ते काम होईल. त्यानंतर हेच २२ मुलीच्या शिक्षणासाठी आणि तुमच्या निवृत्तीसाठी लावता येतील, तेव्हा पुन्हा लिहा.

कारण संग्रहातून शिक्षण होणार नाही. तुम्ही त्यात ७०० एकके घातली आहेत आणि आजची किंमत १,५०० लावली आहे, पण ती लोकांनी विक्रीला लावलेल्या आकड्यांवरून काढली आहे. मागितलेली किंमत कोणीही काहीही लिहू शकतो. विक्री झालेल्या वस्तूंची यादी वेगळी काढून पाहा. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर तशी सोय आहे आणि ती यादी डोळे उघडणारी असते. १९९० च्या दशकात बीनी बेबीज नावाच्या छोट्या कापडी प्राण्यांबाबत हेच झाले. कंपनी एकेक नमुना ‘निवृत्त’ करत असे, लोक त्यांना दुर्मिळ समजून मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून खोकी भरून ठेवत, आणि दशक संपता संपता भाव कोसळले. तुमच्या यादीतली जवळपास निम्मी रक्कम उपकरणांत आहे. बॅटरी संपली किंवा अ‍ॅप चालवणारी कंपनी बंद पडली की त्यांची किंमत शून्य होते. निक्सी नळ्यांची घड्याळे थोडी वेगळी. त्या नळ्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन कधीच थांबले आहे, त्यामुळे तिथली दुर्मिळता खरी आहे. पण नळ्याही वापराने झिजतात. हस्तकलेच्या वस्तूंना ग्राहक मिळेल, तुमच्या सवडीने नव्हे तर त्याच्या सवडीने. एट्सीसारखे संकेतस्थळ २०२२ पासून विक्रीवर साडेसहा टक्के घेते, पैसे स्वीकारण्याचे शुल्क त्याहून निराळे, आणि नाजूक यंत्रचित्र सुखरूप पोहोचवण्याचा खर्च तुमच्या माथी. सगळे विकून २०० एकके हाती आली तर समाधान माना.

मालमत्तेच्या यादीत १२ एककांची आणखी एक नोंद आहे : क्राउडफंडिंगमध्ये, म्हणजे वस्तू बनण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करण्याच्या प्रकारात, दोन वर्षांपूर्वी पैसे भरलेली, टेबल, स्पीकर आणि चार्जर असलेली प्रवासी बॅग, ‘येणे बाकी’. ती नोंद आजच खोडा. किकस्टार्टरसारख्या ठिकाणी पैसे देणारा ग्राहक नसतो, तो एका प्रयत्नाला हातभार लावतो, आणि प्रयत्न फसू शकतो. २०१४ मध्ये मिक्सर, स्पीकर आणि चार्जर बसवलेल्या ‘कूलेस्ट कूलर’ नावाच्या शीतपेटीसाठी ६२,००० हून अधिक लोकांनी मिळून १ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त दिले होते. २०१९ च्या अखेरीस कंपनी बंद पडली तेव्हा त्यातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांना पेटी मिळालेली नव्हती.

मी तुमचा छंद मोडायला सांगत नाही. माझ्याही टेबलावर जपानमधल्या हाकोनेच्या धर्तीची, लाकडाच्या बारीक नक्षीची एक पेटी आहे. १० वेळा वेगवेगळ्या फळ्या सरकवल्याशिवाय ती उघडत नाही आणि आत काही नाही. मध्यरात्री घेतली होती, गरज नव्हती, पश्चात्तापही नाही. पण तिला मी कधी गुंतवणूक म्हटले नाही आणि ती हप्त्यांवर आणली नाही. मोकळ्या झालेल्या ३० पैकी उरलेली ५ एकके छंदासाठी वेगळ्या खात्यात ठेवा. कार्ड संकेतस्थळांवरून काढून टाका, आणि खात्यात असेल तेवढ्यातच घ्या.

या हिशेबाने पक्ष्याचे १३८ जमायला, मधे दुसरे काही घेतले नाही तर, दोन वर्षे आणि चार महिने लागतील. तुम्हीच लिहिले आहे की तो कारागीर एका वेळी एकच पक्षी घडवतो आणि त्याच्याकडे १४ महिन्यांची प्रतीक्षा यादी आहे. त्याला आज पत्र टाका, एकरकमी पैसे देणार असल्याचे सांगा आणि आपले नाव यादीत दोन वर्षांनंतरच्या जागी लावता येईल का ते विचारा.