सगळीकडे कार्ड चालत असताना खिशात रोख कशाला? आणि ठेवायचीच तर किती?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलं आहे, "मशीन बंद आहे ही बहुतेक वेळा विक्रेत्याची सबब असते. माझ्या मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज आला की माझं काम संपलं." रोख किती ठेवावी ते सांगतोच, पण आधी या दुसऱ्या वाक्याचा समाचार घ्यायला हवा. शिकलेसवरलेले लोकही मेसेज दाखवून विक्रेत्याला खोटं पाडायला निघतात. या मुद्द्यावर मी वर्षानुवर्षं वाद घालत आलो आहे. मेसेज आला म्हणजे पैसे पोचले, असं होत नाही.

कार्ड मशीनला टेकवलं त्या क्षणी पैसे हलत नाहीत, निरोप हलतो. मशीनकडून विक्रेत्याच्या बँकेकडे, तिथून कार्डाच्या नेटवर्ककडे (व्हिसा, रुपे यांसारख्या, बँकांना जोडणाऱ्या यंत्रणेकडे), तिथून तुमच्या बँकेकडे, आणि त्याच वाटेने उत्तर परत. तुमच्या बँकेने होकार दिला की ती तेवढी रक्कम अडकवते किंवा वजा करते आणि लगेच तुम्हाला मेसेज टाकते. विक्रेत्याच्या खात्यात पैसे पडतात ते नंतर, त्या दिवसाचा हिशेब बंद होऊन बँकांची आपापसांत जुळवणी झाल्यावर. आता समजा होकार परतीच्या वाटेवर अडकला. तुमच्या हातात मेसेज आहे आणि मशीनवर 'व्यवहार अयशस्वी' दिसतंय. दोघंही खरं बोलताय, आणि तरी काउंटरवर आवाज चढतो.

या निरोपांचे नमुने आयएसओ ८५८३ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेले आहेत. मागणीला ०२०० हा क्रमांक, उत्तराला ०२१०. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर मशीन गप्प बसत नाही, ते ०४०० क्रमांकाचा उलटा निरोप तयार करतं: आधीची मागणी रद्द समजा, रक्कम मोकळी करा. यालाच रिव्हर्सल म्हणतात. पुष्कळ मशीन तो पुढच्या व्यवहाराच्या आधी आपोआप पाठवतात. पण रेंजच नसेल, बॅटरी संपली असेल किंवा वैतागून कुणी मशीन बंद करून ठेवलं असेल, तर रिव्हर्सल मशीनच्या मेमरीत पडून राहतो आणि तोवर तुमची रक्कम अडकून राहते. त्यात विक्रेत्याचा कसलाही लाभ नसतो. त्याच्या खात्यात तर काहीच आलेलं नसतं.

अशा वेळी सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे "पुन्हा एकदा करून बघा." दुसरा प्रयत्न मशीनच्या दृष्टीने नवा व्यवहार असतो. तो यशस्वी झाला आणि पहिल्याचा रिव्हर्सल पोचलाच नाही, तर रक्कम दोनदा अडकते. आधी विक्रेत्याला शेवटच्या व्यवहाराची दुसरी प्रत छापायला सांगा किंवा मशीनमधली आजच्या व्यवहारांची यादी बघायला सांगा. यादीत तुमचा व्यवहार यशस्वी म्हणून असेल तर पैसे दिले गेले, वाद मिटला. नसेल तर त्या वेळेपुरते रोख द्या आणि निघा. अयशस्वी व्यवहाराची स्लिप मात्र फेकू नका. बँकेत "पैसे कापले पण पोचले नाहीत" एवढं सांगून काम भागत नाही. तारीख, वेळ, रक्कम, १२ अंकी आरआरएन (स्लिपवर छापलेला त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), ८ अक्षरांचा टर्मिनल क्रमांक (म्हणजे त्या मशीनचा क्रमांक) आणि होकार मिळाला असल्यास ६ अक्षरांचा मंजुरी क्रमांक द्या. आरआरएन हातात असला की शोध मिनिटांचा होतो. नसला की रक्कम आणि वेळेवरून चाळत बसावं लागतं. रोखीने पैसे दिले असतील तर त्याची पावतीही सोबत जोडा. एकाच खरेदीचे दोनदा पैसे गेल्याचा तोच पुरावा असतो.

मशीन नकार देतं तेव्हा स्लिपवर बहुधा दोन अंकी कोड असतो, तो वाचायची सवय लावा. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी. ५५ म्हणजे पिन चुकला. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ०५ म्हणजे बँकेने कारण न सांगता नकार दिला. तेच कार्ड चारदा घालून उपयोग नाही, उलट संशयावरून ते बंद पडू शकतं. आणि ९१ म्हणजे तुमची बँकच उत्तर देत नाही. यात दुकानाचा, मशीनचा किंवा तुमच्या शिलकीचा काहीही दोष नाही. दुसऱ्या बँकेचं कार्ड त्याच मशीनवर बहुधा लगेच चालेल. म्हणून दोन कार्डं बाळगायची तर दोन वेगळ्या बँकांची आणि दोन वेगळ्या नेटवर्कची बाळगा. एकाच बँकेची तीन कार्डं बाळगणं म्हणजे एकाच खुंटीवर तीन पिशव्या टांगणं.

पण नेटवर्कच झोपलं तर? १ जून २०१८ रोजी युरोपात व्हिसाच्या एका डेटा केंद्रातला स्विच, म्हणजे निरोपांची वाहतूक वळवणारं यंत्र, अर्धवट निकामी झाला. पूर्ण बंद पडला असता तर पर्यायी केंद्राने भार लगेच उचलला असता. अर्धवट बिघाडामुळे बदल वेळेत झाला नाही आणि जवळजवळ दहा तास व्यवहार अडखळत राहिले. खात्यात पैसे असलेले लोक भरलेल्या टोपल्या काउंटरवर सोडून गेले. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा पुष्कळ ठिकाणी मशीन आणि एटीएम बसले, मोबाइलचं नेटवर्कही कोलमडलं. अनेक दुकानांत ज्यांच्या हातात नोटा होत्या त्यांनाच वस्तू मिळाल्या. एटीएमवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं: कार्ड बंद पडण्याचं आणि एटीएम बंद पडण्याचं कारण बहुधा एकच असतं.

आता रक्कम. माझं मत ठाम आहे. पाकिटात एवढे पैसे हवेतच: मिळेल त्या वाहनाने घरी पोचण्याचं भाडं, एक वेळचं जेवण आणि साध्या औषधाचा खर्च. त्याच्या दुप्पट असेल तर निश्चिंत. त्याहून जास्त रोज खिशात घेऊन फिरण्यात अर्थ नाही. घरात वेगळी राखीव रक्कम ठेवा. नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेने २०२५ मध्ये ७२ तासांच्या गरजेसाठी मोठ्या माणसामागे ७० युरो आणि मुलामागे ३० युरो घरात ठेवायला सांगितलं. आकडा तिथला आहे, हिशेबाची रीत कुठेही लागू पडते: तीन दिवसांचं खाणंपिणं, औषधं आणि प्रवास, गुणिले माणसं.

रकमेइतकंच महत्त्व सुट्या पैशांना आहे, आणि इथे बहुतेकजण चुकतात. एटीएममधून मोठ्या नोटा येतात आणि त्याच तशाच ठेवल्या जातात. मशीन बंद पडल्यावर सगळेच मोठी नोट पुढे करतात आणि तासाभरात गल्ल्यातले सुटे संपतात. निम्मी रक्कम छोट्या नोटांत ठेवा. पैसे दोन जागी विभागा; एक नोट फोनच्या कव्हरमध्ये ठेवायची पद्धत चांगली आहे, पण ती अधूनमधून बदला, घामाने आणि घडीने नोट कुजते. घरातली रक्कमही वर्षातून एकदा खर्च करून नवी ठेवा, कारण जुन्या मालिकेच्या नोटा चलनातून मागे घेतल्या जातात.

कार्डाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर मी रोखीचा भाट वाटेन. चोरीला गेलेली नोट परत येत नाही. कार्ड बंद करता येतं, आणि वस्तू आलीच नाही तर बँकेमार्फत रकमेवर हरकत घेता येते. त्यामुळे आगाऊ पैसे द्यायचे असतील, वस्तू मागून येणार असेल किंवा रक्कम मोठी असेल, तर कार्डच वापरा, आणि शक्यतो क्रेडिट कार्ड. हॉटेल, भाड्याची गाडी, इंधनाचा पंप अशा ठिकाणी खऱ्या बिलापेक्षा जास्त रक्कम आधी रोखून ठेवली जाऊ शकते. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा अडकते, डेबिट कार्डावर तुमचे खरे पैसे, आणि ते सुटायला कधीकधी कित्येक दिवस जातात. परदेशात मशीनने "तुमच्या चलनात की इथल्या?" असं विचारलं तर इथलं निवडा, तुमच्या चलनाचा दर मशीनवाला ठरवतो आणि तो बहुधा महाग पडतो.

टेकवून पैसे देताना पाकीटच मशीनवर ठेवू नका. आत दोन कार्डं असली की वाचकयंत्र गोंधळतं किंवा नको त्या कार्डातून पैसे जातात. चिप वाचली जात नसेल तर सोनेरी पट्टी कोरड्या मऊ कापडाने पुसा, खरवडू नका. आणि सारखं टेकवूनच पैसे देत असाल तर महिन्यातून एकदा तरी कार्ड मशीनमध्ये घालून पिन टाका. काही स्पर्शांनंतर किंवा ठरावीक रकमेनंतर मशीन पिन मागतंच. नेमका तेव्हा तो आठवला नाही आणि तीनदा चुकला, तर बहुतेक बँका कार्ड बंद करतात.