पंधरा वर्षांच्या आलिशान गाडीत आधी काय करावे?

जुनी आलिशान गाडी घेतल्यावर नवा स्क्रीन आणि मोठी चाके आधी बसवावीत की देखभाल आधी करावी, असा आपला प्रश्न आहे. पहिला खर्च रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर करावा, असे माझे ठाम मत आहे, कारण गाडी कमी चाललेली असली तरी हे भाग वयानेच कडक होऊन तडकतात, आणि कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) पाइपाची एखादी जोडणी फुटून इंजिन तापले तर सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकण्यापर्यंत वेळ येते.

एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) असल्यास रात्रभर उभ्या गाडीचा एखादा कोपरा सकाळी खाली बसलेला दिसतो का, हे पाहावे. गळती तशीच राहिली तर सतत हवा भरत राहून ती भरणारा कॉम्प्रेसरही जळतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर टिकते, या समजुतीवर विसंबू नये. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान बदलण्याचा सल्ला देते. ब्रेक ऑइल ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दर २ वर्षांनी बदलावे.

स्क्रीन अवश्य बदलावा, पण २००० नंतरच्या दशकातील अनेक जर्मन गाड्यांत ध्वनियंत्रणेची उपकरणे ऑप्टिकल फायबरच्या वलयाने जोडलेली असतात आणि त्यातला एक दुवा काढला की सारा आवाज बंद पडतो, हे ठाऊक असलेल्या कारागिराकडूनच ते काम करून घ्यावे. मोठी चाके मात्र बसवू नयेत. त्यांच्यामुळे टायरची भिंत पातळ झाली की खड्ड्यांचे धक्के थेट बुशांवर (सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरी भागांवर) आणि बसणाऱ्यांवर येतात.