घरी पंधरा माणसे जेवायला बोलावूनही यजमानाला निवांत कसे राहता येईल?

तुम्ही विचारले आहे की, दोन खोल्यांच्या घरात पंधरा माणसांना बोलावले की तुमचा सगळा वेळ स्वयंपाकघरात जातो आणि पाहुण्यांशी धड बोलणेही होत नाही. मग घरची पार्टी सर्वांनाच निवांत वाटेल अशी कशी करावी? कोथरूडमधल्या आमच्या तशाच लहान घरात गेली काही वर्षे आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी मित्रमंडळी जमवतो, त्या अनुभवावरून लिहितो.

माझ्या मते सगळे बेतावर अवलंबून आहे. पाहुणे आल्यानंतर गॅससमोर उभे राहावे लागेल, असा एकही पदार्थ बेतात नसावा. पूर्वी आमच्याकडे श्रीखंड-पुरी ठरलेली असे. एकदा माझा शाळेतला मित्र सहा वर्षांनी सांगलीहून आला होता. पुऱ्या गरमच वाढायच्या, या आग्रहापायी पत्नी पोळपाटाशी आणि मी कढईसमोर. तो ताट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, तळणाच्या आवाजात आमची जेमतेम चार वाक्ये झाली आणि साडेनऊला गाडी गाठायला तो स्वारगेटला निघून गेला. त्याच्या मुलीने बारावीनंतर काय घेतले, एवढेही माझे विचारायचे राहून गेले. पुऱ्यांचे कौतुक सगळ्यांनी केले, पण ती संध्याकाळ माझ्या मनाला लागून राहिली, आणि तेव्हापासून चार माणसे जमायची असली की आम्ही तळण काढत नाही.

आता बहुतेक वेळा मिसळ असते. पंधरा जणांना पाऊण ते एक किलो मटकी पुरते. शनिवारी संध्याकाळी मंडळी येणार असतील, तर गुरुवारी रात्री मटकी भिजत घालावी आणि शुक्रवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधावी. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत शनिवारची सकाळ उजाडते. शनिवारी दुपारी उसळ आणि कट वेगवेगळे करावेत, कारण कट वेगळा असला की तिखट किती घ्यायचे ते ज्याच्या त्याच्या हातात राहते आणि मुलांसाठी किंवा वयस्कर माणसांसाठी निराळे काही रांधावे लागत नाही. दोन्ही निवाल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावे, शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर राहू देऊ नये, आणि मंडळी येण्याआधी पुन्हा खळखळून उकळावे. पोहे, बटाट्याची भाजी, फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी आणि आपल्या पुण्याच्या पद्धतीप्रमाणे स्लाइस ब्रेड टेबलावर मांडून ठेवले की प्रत्येक जण आपापली मिसळ लावून घेतो. गोडाला श्रीखंड विकत आणावे. त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. कोजागरीला तर हेही नको, दुपारीच आटवून ठेवलेले केशर-वेलचीचे दूध आणि भेळ एवढ्यावर रात्र सुरेख जाते.

लहान घरात गर्दी होते ती सगळे एकाच जागी ठेवल्यामुळे. म्हणून ताक आणि पाणी आम्ही गॅलरीत ठेवतो; त्या निमित्ताने माणसे उठतात, फिरतात, निराळ्या माणसाशेजारी जाऊन बसतात. सोफा भिंतीला लावून मधे सतरंजी घालावी आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी तीन-चार खुर्च्या ठेवाव्यात. उष्ट्या ताटल्यांसाठी मोरीत एक मोठे घमेले ठेवून द्यावे आणि मंडळी घरी जाईपर्यंत त्याला हात लावू नये.

आता मदतीविषयी. कोणी ‘काही करू का?’ म्हटले की ‘छे छे, तुम्ही बसा’ असे म्हणण्याची आपल्याला फार सवय आहे. ती सोडावी, असे मी मनापासून सांगेन. जो कोणालाच ओळखत नाही, त्याला तर आवर्जून काम द्यावे. गेल्या वेळी माझ्या कार्यालयात नव्याने आलेला एक मुलगा दाराजवळच अवघडून बसला होता. त्याला आणि आमच्या शेजारच्या काकूंना मी कांदे, विळी आणि सुरी देऊन गॅलरीत बसवले. काकूंनी त्याला विळीवर कांदा बारीक कसा चिरायचा ते दाखवले, दोघांच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि परात भरेपर्यंत त्याचे गाव, खोलीचे भाडे आणि डब्याची गैरसोय हे सगळे काकूंना ठाऊक झाले होते. आता दर रविवारी दुपारी तो त्यांच्याकडेच जेवतो.

बोलावताना संपण्याची वेळही सांगावी, साडेसात ते दहा अशी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी आहे. आणि स्पीकर नसला तरी दहानंतर जिन्यातल्या गप्पा वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जातात, तेव्हा शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे, जमल्यास बोलवावेच.

पहिल्या खेपेला पंधरा नको, आठच जणांना बोलवा, आणि त्यात एक तरी माणूस असा असू द्या की ज्याच्याशी तुमचे बरेच दिवसांत बोलणे झालेले नाही.