जर्मनीत रविवारी खरंच सगळं बंद असतं का? किराणा कुठे मिळेल?

सगळं नाही, पण सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं वगैरे रविवारी बंदच असतात, त्यामुळे किराणा शनिवारीच भरून ठेवा. ही नुसती प्रथा नाहीये, रविवारच्या विश्रांतीचं जर्मनीच्या १९१९च्या जुन्या, म्हणजे वायमार राज्यघटनेतलं कलम आजच्या घटनेतही लागू आहे आणि बर्लिनने नाताळआधीचे चारही रविवार दुकानं उघडायला परवानगी दिली होती ती २००९ मध्ये जर्मनीच्या केंद्रीय घटनात्मक कोर्टाने चुकीची ठरवली, इतकं ते हे मनावर घेतात. पेट्रोल पंप, मोठ्या स्टेशनातली दुकानं, रेस्टॉरंट, ड्युटीवरचं मेडिकल चालू असतं, बेकरी काही तास, म्हणजे दूध-ब्रेडवाचून अडणार नाही, पंपावर महाग पडेल एवढंच. फक्त एक लक्षात ठेवा, २००६ पासून हे नियम ठरवायचा अधिकार राज्यांकडे आहे, तेव्हा तुमच्या राज्याचं नक्की बघा, वर्षातले मोजके रविवार दुकानं उघडी पण असतात.