पोस्टग्रेसच्या आत हात घालायचा तर सुरुवात कुठून?

"ताई, शेवटच्या वर्षाला आहे, सी येतं, प्रोजेक्टला पोस्टग्रेस वापरलंय. आता त्याच्या आतले बग सोडवायचेत, पण सोर्स उघडला की कुठून धरायचं तेच कळत नाही. आणि यासाठी पुण्याला जावं लागेल का?" राजापूरहून तू हे विचारलंस, त्याचं उत्तर जरा लांबणार आहे. बाकी वाचणाऱ्यांसाठी: पोस्टग्रेस म्हणजे ज्याचा सोर्स कोड कुणीही वाचू-बदलू शकतो असं डेटाबेसचं सॉफ्टवेअर.

पुण्याचं आधी. नाही लागत. मी देवगडला राहते आणि इथूनच हे काम करते. पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, ही शेवटी काही केबीची मजकुराची फाईल, ती ईमेलने जाते, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरूनसुद्धा. सगळी गिट रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास, मात्र एकदा उतरवून घ्यावी लागते, ती रात्री लावून झोप. नंतर रोजचे बदल तेवढे येतात. नोकरीसाठी शहरात जायचं असेल तर जरूर जा, पण घरच्यांना या कामाचं कारण सांगू नकोस.

आता मुख्य गोष्ट. कोड लिहायची घाई करू नकोस. बग सोडवणं म्हणजे आधी तो परक्या माणसाच्या मशीनवर, तो सांगेल तेव्हा, पुन्हा घडवून दाखवणं. मी हे वाचून शिकले नाही, अडकून शिकले, म्हणून ते सविस्तर सांगते.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्याकडे आंबा झाडाखाली आला आणि विजेचे खांब आडवे झाले. मी तेव्हा इथल्या बागायतदारांच्या एका संस्थेचा पेट्यांचा हिशोब सांभाळायचे. पोस्टग्रेस १२, उबंटू १८.०४. वीज परत आली तेव्हा मशीनचा मदरबोर्ड जळालेला होता, डिस्क शाबूत होती. नव्या मशीनवर मी उबंटू २०.०४ टाकलं, पोस्टग्रेस तेच १२ ठेवलं आणि डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून तिथे ठेवली. सर्व्हर पहिल्याच झटक्यात सुरू झाला, लॉगमध्ये एकही तक्रार नाही. मला हायसं वाटलं.

दोन दिवसांनी '११-२' या क्रमांकाची पेटी शोधली तर सापडेना. सगळी यादी काढली की ती ओळ तिथे दिसते, क्रमांक देऊन मागितली की शून्य ओळी. त्यात कुणीतरी तीच पेटी पुन्हा नोंदवली आणि प्रायमरी की, म्हणजे एक किंमत एकदाच येऊ देणारा नियम, असूनही ती नोंद बिनतक्रार आत गेली. एकच किंमत दोनदा! मी तावातावाने पोस्टग्रेसवाल्यांना बग रिपोर्ट लिहिला की तुमच्या बी-ट्री इंडेक्समध्ये (ओळ पटकन सापडावी म्हणून क्रमाने लावलेल्या, झाडासारख्या फाटे फुटणाऱ्या सूचीमध्ये) गंभीर दोष आहे. उत्तरात तीनच प्रश्न आले: दोन्ही मशीनवर जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) आवृत्ती कोणती, डेटाबेसचं कोलेशन (मजकुराचा क्रम लावायचे नियम) कोणतं, आणि रिकाम्या डेटाबेसपासून हे घडवण्याच्या नेमक्या पायऱ्या कोणत्या. मला राग आला होता. माझा डेटा मोडलाय आणि हे मलाच कामाला लावतायत, असं वाटलं.

त्या पायऱ्या लिहिताना आठवडा गेला आणि बग कुठे आहे ते मलाच सापडलं. जुन्या उबंटूवर आणि नव्या उबंटूवर, त्याच लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये), साध्या सॉर्ट कमांडला '१-१' आणि '११' या दोन ओळी दिल्या. एकीकडे '११' आधी आलं, दुसरीकडे '१-१' आधी. जीलिबसी २.२८ मध्ये, म्हणजे २०१८ साली, शब्दांचा क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले होते. माझ्या जुन्या मशीनवर २.२७ होती, नव्यावर २.३१. मजकुराचा क्रम लावायला माझा डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमच्याच लायब्ररीला विचारत होता. जुन्या नियमात मधली रेघ जवळजवळ नसल्यासारखीच धरली जायची, म्हणून '११-२' हा '१११' च्या नंतर बसला होता. नव्या नियमात तो आधी येतो. इंडेक्स मांडलेला जुन्या क्रमाने आणि शोधणारा चालतोय नव्या क्रमाने! बी-ट्रीमध्ये वरच्या पानावरून (पान म्हणजे डेटा ठेवायचा ठरावीक मापाचा तुकडा) खाली उतरताना प्रत्येक फाट्यावर तुलना होते. पहिल्याच फाट्यावर डावीकडे वळला की उजवीकडची ओळ त्याला कधीच दिसणार नाही. 'ही किंमत आधीपासून आहे का' हे तपासणाराही त्याच वाटेने उतरतो, म्हणून दुसरी नोंद आत गेली.

बी-ट्रीच्या कोडमध्ये काहीच चुकलं नव्हतं. मी आधी दुबार ओळी काढल्या, मग इंडेक्स नव्याने बांधले आणि ॲमचेक एक्स्टेन्शनने तपासून घेतले. ॲमचेक तुला माहीत नसेल तर आजच बघ. इंडेक्सातला क्रम आताच्या नियमांशी जुळतो का हे ते पानापानाने तपासतं.

तरीही या प्रकारातून पोस्टग्रेसच्या आत बदल झालेच, आणि 'आतली सुधारणा' म्हणजे काय ते मला त्यातून कळलं. दोष दुसऱ्याचा असला तरी वापरणाऱ्याला निदान इशारा मिळायला हवा. १३ व्या आवृत्तीपासून जीलिबसीची आवृत्ती कोलेशनबरोबर नोंदवायला सुरुवात झाली, १५ मध्ये डेटाबेसच्या मूळ कोलेशनलाही ती सोय मिळाली, आणि १७ मध्ये बाहेरच्या लायब्ररीवर अवलंबून नसलेला स्वतःचा कोलेशन प्रोव्हायडर, म्हणजे क्रम ठरवणारा भाग, आला. मधे १४ साठी प्रत्येक इंडेक्सनिहाय आवृत्ती नोंदवणारा मोठा पॅच आत गेला होता, तो प्रकाशनाआधी परत काढला गेला. इतकी मेहनत मागे घेणारे लोक बघून माझा या प्रकल्पावरचा विश्वास वाढला.

याच विषयात आपल्या भाषेचं कामही पडलंय. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, पण युनिकोडमध्ये त्याची जागा ल च्या लगेच पुढे, व च्याही आधी आहे. 'सी' कोलेशनमध्ये, म्हणजे निव्वळ युनिकोडमधल्या जागेनुसार, गावांची यादी लावलीस तर कलमठ, कळंबणी, कवठे अशी येईल. शाळेतल्या कोशाच्या क्रमाने ती कलमठ, कवठे, कळंबणी अशी हवी. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचं मराठी कोलेशन घेऊन हाच प्रयोग कर. ळ, क्ष, ज्ञ, अनुस्वार, जोडाक्षरं घालून चाचण्या लिही. परदेशातला कितीही मोठा तज्ज्ञ असला तरी हा क्रम चुकलाय हे त्याला बघून कळणार नाही, तुला कळेल.

आता सोर्सकडे. पहिल्या ओळीपासून वाचायला बसू नकोस, तसं वाचून ते कुणालाच समजत नाही. असर्शन तपासण्या (कोडने स्वतःचीच गृहीतकं तपासणं) चालू ठेवून आणि ऑप्टिमायझेशन बंद करून बिल्ड कर, सगळ्या रिग्रेशन चाचण्या (जुनं काही मोडलं नाही ना ते बघणाऱ्या) एकदा चालव, मग एका सेशनला (सर्व्हरशी असलेल्या एका जोडणीला) जीडीबी हा डीबगर जोडून एकच साधी क्वेरी आत कुठून कुठे जाते ते पायरीपायरीने बघ. पार्सर (क्वेरी वाचणारा), प्लॅनर किंवा ऑप्टिमायझर (ती चालवायची वाट ठरवणारा), एक्झिक्युटर (प्रत्यक्ष चालवणारा) ही नावं पुस्तकातून उठून समोर येतात. त्याच्या जोडीला सोर्सच्या फोल्डरांमध्येच ठेवलेल्या रीडमी फाईल वाच. बी-ट्रीची आणि ऑप्टिमायझरची रीडमी इतकी चांगली लिहिलीय की मी त्यांची छापील प्रत काढून ठेवलीय. पानाच्या आत डोकावू देणारं पेजइन्स्पेक्ट एक्स्टेन्शन लावून एखादी ओळ अपडेट कर आणि पानावर काय उरलं ते बघ. जुनी ओळ पुसली जात नाही, नवी शेजारी येऊन बसते आणि जुनी तिच्याकडे बोट दाखवते. इंडेक्समधला कॉलम बदललेला नसेल आणि पानावर जागा असेल, तर इंडेक्समध्ये नवी नोंदही होत नाही. याला हॉट म्हणतात, ८.३ पासून आहे. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस की पुढचा किस्सा समजेल.

१४ व्या आवृत्तीत व्हॅक्यूमच्या, म्हणजे नको असलेल्या जुन्या ओळी साफ करण्याच्या, कामात एक सुधारणा आली. इंडेक्स 'कॉन्करंटली', म्हणजे टेबलावरचं लिहिणं न थांबवता, बांधला जात असताना त्या सेशनच्या स्नॅपशॉटसाठी (त्याला दिसणाऱ्या डेटाच्या चित्रासाठी) व्हॅक्यूमने थांबून राहू नये, जुन्या ओळी साफ करत राहाव्यात, अशी ती कल्पना. वरून बघता ती बिनधोक दिसते. पण इंडेक्स बांधणारा टेबल वाचत असतानाच हॉट अपडेट होऊन जुन्या ओळी साफ झाल्या, तर काही ओळी इंडेक्समध्ये यायच्याच राहून जात. टेबलात ओळ आहे, इंडेक्सला तिचा पत्ता नाही. जून २०२२ मध्ये नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर १४.४ काढावी लागली, आणि दुरुस्ती काय होती? ती सुधारणाच मागे घेतली. 'हे जरा वेगवान करता येईल' असं तुला वाटेल तेव्हा हा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) उघडून त्याचा संदेश वाच.

असले बग पकडायला सर्वांत कठीण, कारण ते वेळेच्या फटीत लपतात. पावसाळ्यात साकवावर आपण समोरून कोणी येत नाही ना हे पाहूनच पाऊल टाकतो. इथला बग 'पाहिलं' आणि 'पाऊल टाकलं' यांच्या मधल्या क्षणात असतो. शंभरदा क्वेरी चालवून तो एकदा दिसेल, आणि तेवढ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. त्यासाठी आयसोलेशन चाचण्या आहेत. दोन-तीन सेशनांच्या पायऱ्या लिहायच्या, कोणती पायरी कोणत्या क्रमाने चालवायची ते सांगायचं, साधन त्याच क्रमाने चालवतं आणि कोण कुणासाठी अडकून बसलंय ते दाखवतं. १७ पासून इंजेक्शन पॉइंट आलेत. त्यांनी कोडच्या आतल्या ठरावीक जागी एका सेशनला रोखून धरता येतं, दुसऱ्याला पुढे जाऊ देता येतं, मग पहिल्याला सोडता येतं. नशिबावर असलेला बग दर वेळी घडायला लागतो. माझ्या मते आज नव्या माणसाने शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि हे काम करणारे हात कमी आहेत.

एक बग आधीच्या आवृत्तीत नव्हता आणि आता आहे असं दिसलं, तर गिट बायसेक्ट लाव, ते बदलांचा इतिहास अर्धा-अर्धा करत शोधतं. तुझी पुन्हा घडवणारी स्क्रिप्ट तयार असेल तर दोषी कमिट मशीनच शोधून देतं. रिपोर्टमध्ये तो कमिट लिहून दिलास तर पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचतात.

लाईट जाण्याबद्दल तू लिहिलंयस. ती अडचण आहेच, पण त्यातूनच राइट-अहेड लॉग, म्हणजे डेटा बदलण्याआधी तो बदल जिथे लिहिला जातो ती वही, समजून घे. तो ७.१ मध्ये, २००१ साली आला. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं असतं आणि डिस्क एका दमात तेवढं लिहीलच असं नाही. लाईट मध्येच गेली तर अर्धं पान नवं, अर्धं जुनं. म्हणून प्रत्येक चेकपॉइंटनंतर (साठलेले बदल डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्यानंतर) एखादं पान पहिल्यांदा बदललं की ते अख्खं पान लॉगमध्ये जातं. चेकपॉइंट मूळ सेटिंगमध्ये दर पाच मिनिटांनी होतो. लॅपटॉपची वायर ओढून प्रयोग करू नकोस. ओळी भरत असताना सर्व्हर इमिजिएट मोडमध्ये (काही न आवरता, तडक) थांबव, पुन्हा सुरू कर आणि लॉगमधला रीडू (नोंदवलेले बदल पुन्हा लावणं) कुठून कुठवर झाला ते बघ, मग तोच भाग वॉलडंप या लॉग वाचून दाखवणाऱ्या साधनाने उलगड. यातही सगळं पक्कं आहे असं समजू नकोस. लिनक्सवर एफसिंक, म्हणजे 'हे डिस्कवर खरंच उतरव' ही कर्नलला केलेली विनंती, एकदा फसलं की कर्नल ती पानं लिहिली गेल्यासारखी धरू शकतो आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर 'झालं' म्हणतो, हे पोस्टग्रेसवाल्यांच्या लक्षात २०१८ मध्ये आलं. वर्षानुवर्षं पुन्हा प्रयत्न करणारा कोड होता. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून तिथे सर्व्हर सरळ पॅनिक करून थांबतो आणि लॉगमधून सावरतो.

पहिला पॅच छोटा असू दे. डॉक्युमेंटेशनमधलं चुकीचं वाक्य, चुकीच्या जागी बाण दाखवणारा एरर-संदेश, राहून गेलेली चाचणी. त्याहून आधी दुसऱ्यांचे पॅच तपास. कमिटफेस्ट, म्हणजे आलेले पॅच तपासायचा महिना, वर्षातून पाचदा भरतो: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च. जो पॅच देतो त्याने दुसऱ्याचा तेवढ्याच वजनाचा पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. 'मी लावला, बिल्ड झाला, ही चाचणी चालवली, इथे क्रॅश झाला' एवढंही लिहिलंस तर ते खरं काम आहे. तपासणाऱ्याचं आणि रिपोर्ट देणाऱ्याचं नावही कमिट-संदेशात येतं. उत्तर यायला महिना लागला तर ते तुला टाळतायत असं समजू नकोस, पॅच पुष्कळ आणि बघणारे थोडे आहेत. आणि कुणी 'हे चुकीचं आहे' असं दोन शब्दांत लिहिलं तर ते कोडबद्दल असतं. मला हे पचायला एक अख्खा पावसाळा लागला.

तुझ्या परीक्षा मे महिन्यात संपतील असं धरते. तोवर रोज बिल्ड आणि एक क्वेरी जीडीबीतून, एवढंच कर. जूनमध्ये जुलैच्या यादीतला एखादा लहान पॅच निवड, ॲमचेक किंवा कोलेशनशी संबंधित मिळाला तर उत्तम. तुझी पायऱ्यांची स्क्रिप्ट तयार झाली की इथे टाक. मी ती माझ्या मशीनवर चालवून तुझ्यासारखंच घडतं का ते सांगेन. नाही घडलं तर दोघांच्या मशीनमध्ये फरक काय आहे, तिथून सुरुवात करू.