गुऱ्हाळाच्या धुराने झालेल्या सीओपीडीला 'नसांवरचं' औषध कशासाठी?

वडील गुऱ्हाळावर चुलवाणाला बसायचे, आता सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) निघाला, डॉक्टरांनी टायोट्रोपियम दिलं आणि केमिस्ट म्हणाला हे नसांवरचं औषध. तर छातीच्या आजाराला नसांचं औषध का, असं तुम्ही विचारलंय.

केमिस्ट बरोबर बोलला. व्हेगस ही नस (रक्ताची नव्हे, निरोप नेणारा मज्जातंतू) मेंदूच्या तळापासून श्वासनलिकांपर्यंत येते. तिच्या टोकांतून सुटणारं ॲसिटिलकोलीन हे रसायन नळीच्या स्नायूवरच्या एम-३ ग्राहीवर (निरोप घेणाऱ्या जागेवर) बसलं की नळी आवळते, ग्रंथींवर बसलं की कफ वाढतो. हा आवळता ताण निरोगी माणसातही थोडा असतोच, पण नळी रुंद असल्याने जाणवत नाही. वडिलांची नळी आधीच अरुंद झालीय, तिथं तेवढ्यानेही धाप लागते.

चिपाडाचा धूर नुसता आत साचत नाही. तो नळीतल्या संवेदी टोकांना डिवचतो, निरोप मेंदूकडे जातो आणि व्हेगसमार्गे आवळण्याचा हुकूम परत येतो. म्हणून चुलवाणाजवळ जाताच छाती भरते. नसेच्या टोकावर एम-२ नावाचा ब्रेकही असतो; ॲसिटिलकोलीन पुरेसं झालं की पुढचं थांबवणारा. विषाणूंच्या संसर्गात हा ब्रेक ढिला पडतो. साध्या पडशानंतर दम वाढतो, त्याचं हे एक कारण.

या आजारात फुटलेले वायुकोश (फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे) परत येत नाहीत. आवळलेला स्नायू मात्र सैल करता येतो. टायोट्रोपियम एम-३ला दीर्घकाळ चिकटून ॲसिटिलकोलीनची जागा अडवून ठेवतं, म्हणून १८ मायक्रोग्रॅमची कॅप्सूल दिवसातून एकदाच. अचानक धाप लागली तर ती कामाची नाही. तिथं साल्ब्युटामॉल, ते ५ मिनिटांत लागू पडतं. (दम्यात टायोट्रोपियम एकटं देत नाहीत, स्टिरॉइडचा पंप सोबत लागतोच.)

गफलत होते ती घेण्यात. काहीजण कॅप्सूल चक्क गिळतात! ती पावडर श्वासाने ओढायच्या यंत्रात (इनहेलरमध्ये) घालून फोडायची, तोंड बाजूला करून श्वास सोडायचा, मग जोरात, खोल ओढून १० सेकंद धरायचा. यंत्रात फुंकलं तर वाफेने पावडर चिकटते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर कॅप्सूल घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढा. पावडर उरली दिसली तर पुन्हा ओढायची.

तोंड कोरडं पडेल, ते चालतं. पण प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी अडू शकते, आणि काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. नेब्युलायझरमध्ये इप्राट्रोपियम असेल तर तेही याच गटातलं: टायोट्रोपियम चालू असताना आपल्या मनाने जोडू नका, आणि मास्कची वाफ डोळ्यांत जाऊ देऊ नका.